अशक्तीची गणना

एखाद्या राष्ट्राच्या लोकसंख्येत अपंग माणसे किती, हा प्रश्न संख्याशास्त्राच्या हवाली करून तत्त्वचिंतकांनी तो बहुधा टाळला आहे आणि त्यात दोन्ही शास्त्रांचे नुकसान झाले आहे. संख्याशास्त्र असे धरून चालते की अपंगत्व नावाची गोष्ट घरोघरी आधीच सिद्ध असते आणि प्रगणकाने, म्हणजे जनगणनेसाठी दारी येणाऱ्या कर्मचाऱ्याने, ती नुसती टिपून घ्यायची असते. तत्त्वचिंतन दुसऱ्या टोकाला जाऊन असे सुचवते की आत्मा परिपूर्ण असल्यामुळे देहातील उणिवांची मोजदाद हा केवळ व्यवहार आहे आणि परमार्थाला त्याच्याशी कर्तव्य नाही. या दोन्ही भूमिका किती तोकड्या आहेत हे दाखवायला भारतातील आकडेच पुरेसे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख व्यक्ती अपंग होत्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे १.३ अब्ज माणसे, म्हणजे १६ टक्के, लक्षणीय अपंगत्व अनुभवतात. एका आकड्याच्या सातपट दुसरा आकडा असावा आणि तरीही दोहोंपैकी कोणीही खोटे बोलत नसावे, ही स्थिती गणिताने सुटणारी नाही.

हा सातपटीचा फरक इंदूरच्या विजय नगरसारख्या वस्तीवर आणून पाहिला म्हणजे त्याचे स्वरूप स्पष्ट होते. इंदूर विकास प्राधिकरणाने योजना क्रमांक ५४ आणि ७४ यांसारख्या नियोजित योजनांतून उभारलेला हा शहराचा ईशान्येकडील भाग आज बहुमजली इमारती, कार्यालये, दवाखाने आणि भाड्याने राहणारी तरुण मंडळी यांनी भरलेला आहे, आणि जुन्या राजवाडा परिसरातून बाहेर पडलेली काही मराठी कुटुंबेही येथे स्थायिक झालेली आहेत. जनगणनेसाठी असा भाग प्रगणन गटांत, म्हणजे एका प्रगणकाला पेलतील एवढ्या घरांच्या तुकड्यांत, वाटला जातो. सातशे माणसांचा एक गट कल्पिला आणि मध्य प्रदेशाचे २०११ मधील २.१४ टक्के हे प्रमाण त्याला लावले, तर त्यात सुमारे पंधरा अपंग व्यक्ती सापडायला हव्यात. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण लावले तर एकशे बारा. मधली सत्त्याण्णव माणसे कोण, हाच खरा प्रश्न आहे.

त्यांपैकी काही निव्वळ लपवलेली असतात, हे खरे. घरात उपवर मुलगी असेल तर तिच्या भावाचा मनोविकार प्रगणकाला सांगितला जात नाही. परंतु बहुतेक जण असे असतात की ज्यांनी स्वतःला त्या शब्दात कधी ओळखलेलेच नाही: गुडघे गेल्यामुळे तिसऱ्या मजल्यावरून महिनोन्महिने खाली न उतरलेली आजी, मधुमेहाने पायांची संवेदना गमावलेला दुकानदार, विसरभोळेपणाच्या पलीकडे गेलेला निवृत्त शिक्षक. यांना वार्धक्य आहे, आजार आहे, प्रारब्ध आहे. अपंगत्व आहे असे त्यांना वाटत नाही आणि घरच्यांनाही नाही. उरलेला फरक पद्धतीचा आहे. १६ टक्के हा आकडा डोकी मोजून आलेला नाही, तर विविध देशांतील रोगभाराच्या माहितीवरून काढलेला अंदाज आहे आणि त्यात मध्यम तीव्रतेच्या अडचणीही धरलेल्या आहेत. म्हणून २.२१ हा आकडा अपुरा आहे असे म्हणता येते, पण १६ हा त्याच्या जागी ठेवायचा ‘खरा’ आकडा आहे असे म्हणता येत नाही.

व्याख्या बदलली की माणूस गणनेत कसा येतो आणि कसा निसटतो, याचे उदाहरण इंदूरच्या इतिहासातच आहे. पहिल्या यशवंतराव होळकरांचा एक डोळा बंदूक फुटून गेला होता आणि आयुष्याच्या अखेरच्या सुमारे तीन वर्षांत त्यांच्या बुद्धीवर परिणाम झाला होता, असा वृत्तान्त जॉन माल्कम याने मध्य भारतावरील आपल्या १८२३ च्या ग्रंथात दिला आहे. होळकरांची राजधानी इंदूरला आली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १८१८ मध्ये. स्वतः यशवंतराव २८ ऑक्टोबर १८११ रोजी भानपुऱ्याला वारले. याच एकाक्ष पुरुषाने २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या रणात पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्रित फौजांचा पराभव केला. आता हा माणूस वेगवेगळ्या जनगणनांच्या पत्रकांसमोर उभा करावा. ब्रिटिश काळातील जनगणनांमध्ये वेड, जन्मजात मूकबधिरता, अंधत्व आणि महारोग या चार ‘व्यंगां’साठी रकाना असे, परंतु एकाच डोळ्याने अंध असलेल्याची नोंद करू नये, अशी प्रगणकांना सूचना होती, म्हणजे हडपसरचा यशवंतराव त्या रकान्यात येत नाही, भानपुऱ्याचा येतो. १९८१ च्या जनगणनेने, आंतरराष्ट्रीय अपंग वर्षाच्या निमित्ताने, पूर्णतः अंध, पूर्णतः पंगू आणि पूर्णतः मूक एवढेच मोजले. त्यात तो दोन्ही वेळा सुटतो. २००१ च्या जनगणनेत एकाच डोळ्याला नीट दिसणारी व्यक्ती दृष्टिबाधित मानली गेली, म्हणून हडपसरचा विजेता अपंग ठरतो. २०११ मध्ये ही सूचना मागे घेतली गेली, म्हणून तो पुन्हा धडधाकट होतो, आणि अखेरच्या वर्षांत ‘मानसिक आजार’ या नव्या वर्गात जातो. यशवंतरावांचा डोळा मात्र एकदाच गेला होता.

हा खेळ एका राजापुरता राहिला असता तर करमणुकीचा म्हणून सोडून देता आला असता. २००१ मध्ये देशात दृष्टिबाधितांची संख्या सुमारे १ कोटी ६ लाख नोंदली गेली आणि २०११ मध्ये ती सुमारे ५० लाख ३० हजारांवर आली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढत असताना अर्ध्याहून अधिक अंधत्व नाहीसे झाले असे मानायला कोणीही नेत्रतज्ज्ञ तयार होणार नाही. त्याच दशकात श्रवणबाधितांची संख्या सुमारे १२ लाख ६१ हजारांवरून ५० लाख ७० हजारांवर गेली, कारण कर्णयंत्र वापरून ऐकू शकणारी व्यक्ती २००१ मध्ये बाधित मानली जात नव्हती आणि २०११ मध्ये मानली गेली. विचारण्याची रीत बदलल्याचाही त्यात वाटा असावा. तमिळनाडूत अपंगांची एकूण संख्याच १६ लाख ४२ हजारांवरून सुमारे ११ लाख ८० हजारांवर उतरली. जनगणनेबाहेरही हेच घडले आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने २०१७ मध्ये अंधत्वाची मर्यादा बदलली. पूर्वी सहा मीटरवरून बोटे मोजता न येणारा अंध गणला जाई, नव्या व्याख्येत हे अंतर तीन मीटर झाले. ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाशी जुळणारी आहे आणि तिच्यामागे तुलनेची सोय हे रास्त कारण आहे. तरीही चार आणि पाच मीटरवर अडखळणारी माणसे एका परिपत्रकाने अंधांच्या यादीतून बाहेर पडली, हे नाकारता येत नाही.

येथे तर्कशास्त्रातील एक जुनी अडचण उभी राहते. ढिगातून एकेक दाणा काढत गेल्यास ढीग कोणत्या दाण्याला संपतो, हे सांगता येत नाही; तसेच श्रवण किंवा दृष्टी कणाकणाने कमी होत असताना अपंगत्व कोणत्या कणाला सुरू होते, हेही सांगता येत नाही. कायद्याला मात्र ते सांगावेच लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने अपंगत्वाचे प्रकार पूर्वीच्या सातांवरून एकवीस केले आणि आरक्षणासारख्या लाभांसाठी चाळीस टक्क्यांची रेषा कायम ठेवली. या रेषेवर किंवा तिच्या वर असलेल्यास ‘लक्षणीय’ अपंगत्व आहे असे प्रमाणपत्र मिळते. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा निर्दोष असेल, तर मूल्यमापनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते तीस टक्के भरते, म्हणजे रेषेच्या खाली. दोन्ही कानांत सत्तर डेसिबल श्रवणहानी असलेला बधिर आणि साठ ते सत्तर डेसिबल असलेला कर्णदोषी, अशी कायद्याची भाषा आहे. रेषा मनुष्यनिर्मित आहे म्हणून ती खोटी ठरत नाही. मतदानाचे वय अठरा आहे आणि सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलाची अक्कल त्या दिवशी अपुरी नसते, तरी अठराची रेषा निरर्थक नाही. मात्र जी रेषा लाभाच्या वाटपासाठी आखली ती वस्तूच्या स्वरूपाची रेषा समजली गेली, की घोटाळा होतो. शिवाय माणूस दगडासारखा वर्गीकरणाखाली निमूट पडून राहत नाही. कॅनडाचे तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी दाखवून दिले आहे की माणसांचे वर्ग पाडले की माणसे त्या वर्गांना प्रतिसाद देतात, आणि त्या प्रतिसादाने वर्ग स्वतःही बदलतात. प्रमाणपत्रावर अडतीस टक्के आले तर फेरतपासणीचा अर्ज करणारा आणि चाळीस आले तर घरातल्या लग्नासाठी ते कपाटात दडवणारा, असे दोघेही हॅकिंग यांच्या सिद्धान्ताची जिवंत उदाहरणे आहेत.

भारतीय दर्शनांनी या प्रश्नाचा विचार केलाच नाही, असा समज असेल तर तो सांख्यदर्शन दूर करते. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त बुद्धीच्या पन्नास अवस्था गणल्या आहेत: पाच विपर्यय म्हणजे विपरीत ज्ञानाचे प्रकार, अठ्ठावीस अशक्ती, नऊ तुष्टी आणि आठ सिद्धी. अठ्ठावीस अशक्तींपैकी अकरा इंद्रियांच्या आहेत, पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये आणि मन यांच्या प्रत्येकी एक; उरलेल्या सतरा बुद्धीच्या आहेत आणि त्या तुष्टी व सिद्धी यांच्या अभावातून येतात. टीकाकार या अकरांची नावे देतात तेव्हा त्यांत बहिरेपण, आंधळेपण, मुकेपण, लुळेपण आणि पांगळेपण यांबरोबर वास न येणे, त्वचेची संवेदना जाणे, मलावरोध आणि मनाची मंदता हेही येते. वास न येणे हे अपंगत्व म्हणून भारताच्या कोणत्याही जनगणनेने मोजलेले नाही. करोनाच्या साथीत लाखो माणसांचा वास गेला तेव्हाही ते लक्षण म्हणून नोंदले गेले, अशक्ती म्हणून नाही. यावरून एवढे कळते की कोणती उणीव मोजायची हे शरीर ठरवत नाही. समाजाला कशाची गरज वाटते यावर ते ठरते.

परंतु सांख्याच्या या यादीचे महत्त्व तिच्या लांबीत नाही, तिच्या जागेत आहे. अशक्ती ही बुद्धीची आणि इंद्रियांची अवस्था आहे, आणि बुद्धी व इंद्रिये ही प्रकृतीची, म्हणजे जड मूळतत्त्वाची, कार्ये आहेत; पुरुष, म्हणजे जाणणारे चैतन्य, त्यांचा साक्षी असतो आणि अशक्तीने तो लिप्त होत नाही. म्हणूनच सांख्य कोणताही संकोच न ठेवता अशक्ती मोजू शकते, कारण जे मोजले जाते त्याने मोजला जाणारा उणा होत नाही. प्रकृती आणि पुरुष यांचा संयोग समजावण्यासाठी याच कारिकांत पांगळ्याने आंधळ्याच्या खांद्यावर बसून वाट काढण्याचा प्रसिद्ध दृष्टान्त येतो, आणि तेथे डोळस पण पंगू ठरतो तो पुरुष. दुसरे असे की बुद्धीच्या सतरा अशक्ती विचारात घेतल्या तर मुक्त न झालेला जवळजवळ प्रत्येक जण या यादीत कोठे ना कोठे सापडतो. सांख्याच्या हिशेबाने अपंगत्वाचे राष्ट्रीय प्रमाण शंभर टक्क्यांच्या आसपास जाईल. ही अतिशयोक्ती वाटली तरी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग झोला यांनी १९८९ मध्ये नेमका असाच पवित्रा घेतला होता: अपंगत्व ही एका अल्पसंख्य गटाची खूण नसून प्रत्येक माणसाच्या आयुष्यात केव्हा ना केव्हा येणारी अवस्था आहे, म्हणून धोरणही सर्वांसाठीच असले पाहिजे.

आता या यादीशेजारी मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातील यादी ठेवावी. जन्मांध, बधिर, उन्मत्त, जड, मूक आणि इंद्रियहीन यांना तेथे वडिलोपार्जित संपत्तीत वाटा नाकारला आहे, आणि लगेच पुढच्या श्लोकात त्यांच्या अन्नवस्त्राची जबाबदारी वाटेकऱ्यांवर टाकली आहे. सांख्याची आणि मनूची यादी बव्हंशी सारखी आहे, पण सांख्यात ती अनुभवाचे आणि मोक्षमार्गातील अडथळ्यांचे विवरण करते, तर धर्मशास्त्रात ती माणसाला वाटणीतून वगळते आणि पोटापुरते पोसते. हा नियम निव्वळ पोथीत राहिला असे नाही. हिंदू वारसा (अपात्रता निवारण) अधिनियम, १९२८ याने त्यातील बहुतेक भाग रद्द केला तरी जन्मजात वेडेपणाचा अपवाद शिल्लक ठेवला, आणि रोग, दोष किंवा व्यंग यांवरून वारसा नाकारता येणार नाही हे निःसंदिग्धपणे लिहिले गेले ते १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमात. गणनेचा नैतिक अर्थ यादीत शोधून सापडत नाही. यादी हातात आल्यावर तिचे काय केले जाते, यावरून तो ठरतो. अपंगांची गणना म्हणजे माणसांवर शिक्के मारणे होय, अशी टीका करणारे आणि गणना म्हणजे आपोआप न्याय होय असे मानणारे, दोघेही हा मुद्दा विसरतात.

कर्मसिद्धान्ताचा अडसर यापेक्षा चिवट आहे. पूर्वजन्मीच्या पापाने व्यंग येते, हा समज धर्मशास्त्रातही आहे आणि लोकव्यवहारातही, आणि तो खरा मानला तर प्रगणकाचे पत्रक हे एक प्रकारे पापांचे लेखापुस्तक होते. मग घरातील कर्ता पुरुष त्यात आपल्या कुळाचे नाव का लिहू देईल? या समजाला सिद्धान्ताच्याच आधाराने उत्तर देता येते. कर्म हे दुःखाचे कारण सांगते, पण दुसऱ्याच्या दुःखापुढे आपण काय करावे हे प्रारब्धावर सोपवत नाही, कारण ते करणे न करणे हे करणाऱ्याचे क्रियमाण, म्हणजे आताचे, कर्म असते. पूर्वकर्माचा दाखला देऊन शेजाऱ्याच्या जिन्याला कठडा न लावणारा माणूस शेजाऱ्याचे प्रारब्ध वाचत नसतो, स्वतःचे लिहीत असतो. महाराष्ट्राच्या धर्मपरंपरेने तर या समजाला आचरणानेच छेद दिला आहे. ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू, अर्थात गुंडम राऊळ, यांना गावकरी वेडे म्हणत, आणि महानुभाव पंथ त्यांना पंचकृष्णांपैकी एक, म्हणजे परमेश्वराचा अवतार मानतो. म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात या दोन्ही गोष्टी एकमेकींना न पुसता शेजारी नांदतात. गुलाबराव महाराजांची (१८८१–१९१५) दृष्टी तान्ह्या वयातच गेली आणि तरीही त्यांनी विपुल ग्रंथरचना केली. वऱ्हाडातील तत्कालीन जनगणनेच्या पत्रकात ‘अंध’ हा एकच शब्द त्यांच्याविषयी पुरेसा मानला गेला असणार. तो शब्द खोटा नव्हता, पण गुलाबराव महाराजांचे वर्णनही त्याने होत नव्हते.

मानसिक आजाराच्या बाबतीत गणनेचे अपुरेपण सर्वांत ठळक आहे. २०११ च्या जनगणनेने सव्वाशे कोटींच्या उंबरठ्यावरील देशात मानसिक आजार असलेले सुमारे ७ लाख २२ हजार लोक मोजले, म्हणजे दहा हजारांत सहा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५–१६ मध्ये मध्य प्रदेशासह बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. विकार असणे आणि विकारामुळे अपंगत्व येणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे मान्य करूनही एवढी दरी केवळ व्याख्येने भरून निघत नाही; तिच्या तळाशी लाज आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारावर भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यतेची मोहोर उमटवली. त्या कराराने अपंगत्वाची जी कल्पना स्वीकारली तिने हा सारा वाद एका नव्या पातळीवर नेला: दीर्घकालीन उणीव आणि भोवतालचे अडथळे यांच्या परस्परक्रियेतून अपंगत्व उद्भवते. याचा अर्थ असा की अपंगत्व हा शरीराचा गुण नसून संबंध आहे, आणि संबंधाच्या दोन्ही बाजू बदलू शकतात. आग्रा–मुंबई मार्गावर विजय नगरमधून जाणारी इंदूरची जलद बससेवा २०१३ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिची स्थानके बसच्या तळाशी जुळणाऱ्या उंचीची होती, म्हणजे चाकांची खुर्ची वापरणाऱ्याला पायऱ्या चढाव्या लागत नव्हत्या. ती मार्गिका काढून टाकण्यास मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अनुमती दिली. वाहतुकीच्या दृष्टीने हा निर्णय योग्य की अयोग्य, हा येथे विषय नाही. पण संबंधाची कल्पना स्वीकारली तर रस्त्यावरील एक फलाट नाहीसा होताच, कोणाच्याही देहात काडीचा फरक न पडता, त्या प्रवाशाचे अपंगत्व वाढते, आणि डोक्यावरून जाणाऱ्या मेट्रोच्या स्थानकातील उद्वाहन चालू असेल तर ते पुन्हा कमी होते. जनगणनेच्या पत्रकात मात्र त्याच्या नावापुढे तिन्ही वेळा तोच अंक पडेल.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की संख्या हा निव्वळ कल्पनेचा खेळ आहे आणि कोणतीही संख्या दुसरीइतकीच खरी आहे, तर तो जैन तर्कशास्त्राने फार पूर्वी ओळखलेल्या दोषात सापडतो. इंदूरच्या सार्वजनिक जीवनावर जैन समाजाचा मोठा ठसा असल्यामुळे हे शास्त्र तेथे परके नाही. वस्तूच्या अनंत धर्मांपैकी एका धर्मावर दृष्टी ठेवून केलेले विधान म्हणजे नय. तेच विधान इतर सर्व धर्म नाकारू लागले की त्याचा दुर्नय होतो. आपापल्या पक्षापुरतेच पाहणारे नय मिथ्या आणि परस्परसापेक्ष झालेले नय सम्यक, हा विचार सिद्धसेन दिवाकरांच्या ‘सन्मतितर्का’त आहे. १९८१ ची जनगणना सुमारे ११ लाख पूर्णतः अपंग मोजते, तेव्हा ती संपूर्ण हानीच्या दृष्टीने बोलते आणि खरे बोलते. त्या आकड्यावरून देशात अपंग हजारी दोनांहूनही कमी आहेत असे कोणी म्हटले की दुर्नय झाला. ऑस्ट्रेलियाच्या २०२२ च्या पाहणीत २१.४ टक्के लोक अपंग आढळले म्हणून तो देश भारताच्या दहापट दुबळा ठरत नाही. तेथे वृद्धांचे प्रमाण अधिक आहे, प्रश्न अधिक बारकाईने विचारले जातात आणि उत्तर देण्यात लाभ आहे, कलंक कमी आहे. नयवाद सर्व आकड्यांना सारखेच गुण देत नाही. कोणत्या दृष्टीने मोजले हे जो आकडा सांगतो तो प्रमाणाच्या, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या, जवळ असतो. जो लपवतो तो दूर.

प्रश्न विचारण्याच्या रीतीत सुधारणा शक्य आहे आणि ती माहीतही आहे. २०११ च्या पत्रकातील नववा प्रश्न आधी व्यक्ती मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या अपंग आहे का, असे हो-नाहीत विचारत होता आणि ‘हो’ आल्यावरच प्रकाराकडे वळत होता. ज्याला तो शब्द मान्य नाही त्याचे दार पहिल्याच शब्दाला बंद होई. २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या छत्राखाली स्थापन झालेल्या वॉशिंग्टन गटाने सुचवलेले सहा प्रश्न तो शब्दच टाळतात. चष्मा लावूनही दिसायला, कर्णयंत्र लावूनही ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, आठवायला किंवा लक्ष केंद्रित करायला, स्वतःची अंघोळ-कपडे करायला आणि आपल्या भाषेत बोलणे समजायला-समजवायला किती अडचण येते, असे ते विचारतात, आणि उत्तरे चार असतात: मुळीच नाही, थोडी, पुष्कळ, अजिबात जमत नाही. या पद्धतीतही रेषा आहे, कारण साधारणपणे ‘पुष्कळ’पासून पुढे गणना होते, पण चारही उत्तरे जपून ठेवली तर ज्याला रेषा हलवून पाहायची असेल त्याला ती हलवता येते. सांख्याच्या परिभाषेत सांगायचे तर येथे अशक्ती मोजली जाते, पुरुष नाही.

दुसरी सुधारणा अधिक अवघड आहे, कारण ती पत्रकात करता येत नाही. २०११ मध्ये पुरुषांत अपंगत्वाचे प्रमाण २.४१ टक्के आणि स्त्रियांत २.०१ टक्के नोंदले गेले, वास्तविक जागतिक अंदाजांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक असते. भारतीय स्त्रिया जगातील इतर स्त्रियांपेक्षा सुदृढ आहेत असे मानण्यास आधार नाही; त्यांच्या वतीने उत्तर देणारा दुसराच असतो, हे कारण अधिक पटते. कुटुंबप्रमुख सर्वांची माहिती सांगतो आणि जिची माहिती सांगितली जात असते ती स्वयंपाकघरात असते. हक्ककराराचे एकतिसावे कलम राज्यांवर आकडेवारी गोळा करण्याचे बंधन घालते आणि ती गोळा करताना खासगीपणा व मानवी हक्क यांचा आदर राखावा असेही सांगते, पण ज्याच्याविषयी विचारले जात आहे त्यालाच विचारावे हा साधा नियम पाळणे अखेर दारात उभ्या असलेल्या प्रगणकाच्या आणि दार उघडणाऱ्या माणसाच्या हाती राहते. येणाऱ्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा आहे आणि नागरिकांना स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय तिच्यात आहे. विजय नगरमधील वाचकाने ती सोय घेतली, तर अपंगत्वाच्या प्रश्नापाशी आल्यावर त्याने आईचे उत्तर स्वतः देऊ नये. पत्रक आईपुढे ठेवावे.